अमेरिकेतील मोठ्या गाड्या आणि कायद्याने घडवलेली आवड

1975 साली अमेरिकेच्या बाजारात आलेल्या नव्या प्रवासी गाड्यांपैकी सुमारे चार-पंचमांश गाड्या सेडान किंवा स्टेशन वॅगन होत्या. आज त्यांचा वाटा एक-चतुर्थांशाच्या आसपास उरला असून बाकीची जागा एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅन यांनी घेतली आहे. फोर्डची एफ-मालिका हे पिकअपचे घराणे 1980 च्या दशकाच्या आरंभापासून देशात सर्वाधिक खपाचे म्हणून ओळखले जाते. 2018 साली त्याच फोर्ड कंपनीने उत्तर अमेरिकेत सेडान विकणे बंद करत असल्याचे जाहीर केले. मोटारगाडी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणणाऱ्या कंपनीनेच साधी मोटार विकणे थांबवले, यावरून या बदलाची व्याप्ती कळते.

या बदलाचे रूढ स्पष्टीकरण तीन मुद्द्यांवर उभे आहे. देश विस्तीर्ण, रस्ते रुंद आणि पेट्रोल स्वस्त असल्यामुळे मोठी गाडी हा अमेरिकी जीवनाचा स्वाभाविक भाग आहे, हा पहिला मुद्दा. कुटुंब, सामान, बर्फ आणि शेतीची कामे यांमुळे लोकांना अशा गाडीची खरोखरच गरज असते, हा दुसरा. मोठी गाडी अधिक सुरक्षित असते, हा तिसरा. कंपन्या केवळ ग्राहकाला हवे ते देतात, असा निष्कर्ष या तिन्हींमधून काढला जातो. प्रत्येक मुद्द्यात सत्याचा अंश आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. मोठ्या गाडीची आवड अमेरिकी माणसाच्या स्वभावातून आपोआप उगवलेली नाही. आयातशुल्क, इंधनाचे नियम आणि करसवलती यांनी साठ वर्षे तिची मशागत केली आहे.

पहिला मुद्दा भूगोलाचा. अमेरिकेचा विस्तार 1975 साली आजच्याएवढाच होता, आंतरराज्य महामार्गांचे बहुतेक जाळे तेव्हाही तयार होते आणि तरीही लोक मोटारीच घेत होते. 1989 साली देशात सर्वाधिक खपलेली मोटार होंडाची अकॉर्ड होती, तर 1997 साली तो मान टोयोटाच्या कॅमरीने मिळवला. या दोन्ही मध्यम आकाराच्या सेडान आहेत. आवड स्वभावातच असती, तर ती किमतीपुढे झुकली नसती. 2008 च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले तेव्हा मोठ्या एसयूव्हींचा खप कोसळला आणि 2010 मध्ये जनरल मोटर्सने ‘हमर’ ही नाममुद्राच बंद केली. भाव उतरल्यावर मोठ्या गाड्या परतल्या. स्वस्त पेट्रोल हीसुद्धा निसर्गाची देणगी नव्हे. पेट्रोलवरचा केंद्रीय कर 1993 पासून गॅलनला 18.4 सेंटवर थांबलेला आहे आणि महागाई वाढत गेली तसा त्याचा खरा बोजा दरवर्षी घटत गेला आहे. कर न वाढवणे हासुद्धा धोरणात्मक निर्णयच असतो.

दुसरा मुद्दा गरजेचा. आयोवातला शेतकरी, टेक्ससमधला बांधकाम कंत्राटदार, मिनेसोटात बोटीचा ट्रेलर तळ्यावरून घरी आणणारा गृहस्थ यांना पिकअप लागते, याबद्दल वाद नाही. पण बहुसंख्य अमेरिकी लोक शहरांत आणि उपनगरांत राहतात. शिवाय गाडीची बदललेली रचनाच खरे सांगून जाते. कामासाठीच्या जुन्या पिकअपला दोन दारे असत आणि मागे आठ फुटांचा हौदा असे. आजच्या लोकप्रिय पिकअपला चार दारे, पाच-सहा जणांची ऐसपैस आसने आणि जेमतेम साडेपाच फुटांचा हौदा असतो. माल वाहण्याची जागा आखडली आणि माणसांची वाढली, म्हणजे ट्रकच्या अंगात कुटुंबाची मोटार बसवली गेली. कुटुंब आणि सामान हीच गरज असती, तर सरकत्या दारांची, जमिनीलगतच्या तळाची, सात जणांना सामावणारी मिनीव्हॅन वाढत गेली असती. प्रत्यक्षात 2000 नंतर तिचाच खप ओसरला.

तिसरा मुद्दा सुरक्षेचा. तो सर्वांत प्रभावी आहे आणि म्हणूनच अधिक बारकाईने तपासावा लागतो. दोन गाड्यांची टक्कर झाली तर जड गाडीतले लोक वाचण्याची शक्यता अधिक असते, हे भौतिकशास्त्राला धरून आहे. मात्र उंच गाडी उलटण्याचा धोकाही मोठा असतो. 2000 साली फायरस्टोनचे टायर फुटून फोर्ड एक्स्प्लोरर ही एसयूव्ही उलटल्याचे अपघात गाजले तेव्हा हा धोका साऱ्या देशाला कळला. 2012 च्या मॉडेलपासून तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली आणि तो बराच कमी झाला. गाडीबाहेरच्या माणसाचा धोका मात्र तसाच राहिला. मायकेल अँडरसन आणि मॅक्सिमिलियन ऑफहॅमर या अर्थशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार धडकणारी गाडी 1,000 पौंडांनी, म्हणजे साडेचारशे किलोंनी, जड असेल, तर समोरच्या गाडीतील जीवितहानीची शक्यता 47 टक्क्यांनी वाढते. विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये दाखवले, की बॉनेटची पुढची कड 40 इंचांपेक्षा उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता 30 इंचांपर्यंतच्या उताराच्या बॉनेटपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी अधिक असते. सेडानची धडक पायांवर बसते आणि माणूस बॉनेटवर फेकला जातो. उंच, सपाट तोंडाची धडक छातीवर किंवा डोक्यावर बसते आणि माणूस चाकांपुढे पडतो.

2009 साली अमेरिकेत सुमारे 4,100 पादचारी वाहनांखाली मेले, तर 2022 साली साडेसात हजारांहून अधिक. ही सारी वाढ गाड्यांच्या आकारामुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. भरधाव वेग, अंधारे रस्ते, पदपथांचा अभाव आणि चालवताना हातात असलेला फोन हेही वाटेकरी आहेत. पण आकाराचा वाटा नाकारता येत नाही. म्हणून ‘मोठी गाडी सुरक्षित’ हे विधान अपुरे आहे. ती आतल्यांचा धोका कमी करते आणि तो बाहेरच्यांवर टाकते. शेजारच्या पिकअपला भिऊन आई-वडील मुलांसाठी आणखी जड गाडी घेतात, तेव्हा त्यांचा निर्णय घरापुरता शहाणपणाचा असतो; पण सर्वांनी तोच निर्णय घेतला की रस्ता सर्वांसाठी अधिक घातक होतो. या भीतीला ग्राहकाची हौस म्हणणे त्या पालकांवर अन्याय करणारे आहे.

मग ही आवड घडली कशी? सुरुवात कोंबड्यांपासून होते. 1960 च्या दशकाच्या आरंभी युरोपीय आर्थिक समुदायाने अमेरिकी कोंबड्यांवर जबर शुल्क लावले. प्रत्युत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काही आयात वस्तूंवर 25 टक्के शुल्क लावले. 1964 पासून लागू झालेल्या या शुल्काच्या यादीत हलके ट्रक होते आणि रोख फोक्सवॅगनच्या व्हॅनवर होता. इतर वस्तूंवरचे शुल्क पुढे उतरले, ट्रकवरचे राहिले. मोटारींवर त्या मानाने नाममात्र शुल्क असल्याने जपानी आणि जर्मन कंपन्यांशी स्पर्धा मोटारींत झाली. पिकअपच्या कुंपणाआड डेट्रॉइटच्या अमेरिकी कंपन्यांना भरघोस नफा निर्धास्तपणे कमावता आला.

दुसरा टप्पा इंधनाचा. 1973 च्या तेलसंकटानंतर 1975 साली काँग्रेसने गाड्यांच्या सरासरी इंधनक्षमतेचा कायदा केला. मोटारींसाठी 1985 पर्यंत गॅलनला 27.5 मैल, म्हणजे लिटरला सुमारे 11.7 किलोमीटर, हे लक्ष्य ठरले. हलक्या ट्रकना मात्र वेगळा, सौम्य निकष मिळाला, कारण ती शेतीची आणि कामाची वाहने मानली गेली. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो गॅलनला 20.7 मैलांवर, म्हणजे लिटरला सुमारे 8.8 किलोमीटरवर, अडकून पडला होता आणि तो वाढवण्यावर निधी खर्च करण्यास काँग्रेसने अनेक वर्षे मनाई केली होती. परिणाम उघड होता. मोठी स्टेशन वॅगन बनवली तर कंपनीची मोटारींची सरासरी घसरे. तेच कुटुंब चौचाकी चालनाच्या उंच गाडीत बसवले तर ती ट्रक ठरे. 1984 च्या मॉडेलची जीप चेरोकी आणि 1990 मध्ये आलेली फोर्ड एक्स्प्लोरर याच वाटेने घराघरांत पोचल्या. पुढे सुबारूने आउटबॅक ही मोटार ट्रकच्या व्याख्येत बसावी म्हणून तिच्यात फेरफार केले.

1978 चा इंधनखाऊ गाड्यांवरचा करही फक्त मोटारींना लागतो. एसयूव्ही आणि पिकअप त्यातून मुक्त आहेत. 2003 साली व्यवसायासाठी घेतलेल्या सामग्रीची एक लाख डॉलरपर्यंतची किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करण्याची मुभा मिळाली. मोटारींच्या वजावटीवर कडक मर्यादा होती, पण मालासह एकूण वजन 6,000 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 2,700 किलोंपेक्षा, जास्त असलेल्या गाड्या तिच्यातून सुटत. त्यामुळे डॉक्टर, वकील आणि घरांचे दलाल यांना जड एसयूव्ही करदृष्ट्या किफायतशीर ठरली. पुढच्याच वर्षी एसयूव्हींपुरती एक लाखाची ही मर्यादा 25,000 डॉलरवर आणली गेली, पण वजनाच्या बाजूचा कल टिकला.

नियम सुधारतानाही झुकते माप मोठ्या आकारालाच मिळाले. 2007 च्या कायद्यानंतर इंधनाचे लक्ष्य गाडीच्या चाकांमधल्या क्षेत्रफळाशी जोडले गेले. चाके जितकी दूर, तितके लक्ष्य सोपे. या पद्धतीमागे हेतू चांगला होता: कंपन्यांनी गाड्या धोकादायकरीत्या हलक्या करू नयेत आणि प्रत्येक आकारात सुधारणा व्हावी. प्रत्यक्षात छोटी, कमी नफ्याची पिकअप बनवणे सर्वांत अवघड झाले.

कंपन्यांनी या संधीचे सोने केले. ट्रकची जुनी बांधणी स्वस्त होती, स्पर्धा मर्यादित होती, किंमत चढी लावता येत होती. जाहिरातींत कडेकपारी आणि चिखल आले, सहा-सात वर्षांच्या हप्त्यांनी किंमत सोसण्याजोगी वाटू लागली. स्वस्त सेडान बंद होत गेल्या, तसा ग्राहकापुढचा पर्यायही आटला. दुकानात न ठेवलेली वस्तू लोकांनी घेतली नाही, म्हणून ती त्यांना नको होती असे ठरत नाही.

एक आक्षेप उरतो. एसयूव्ही आज युरोपात आणि भारतातही खपतात, मग अमेरिकी कायद्यांना दोष का? उंच आसनाचे आकर्षण सार्वत्रिक आहे, हे मान्य. पण ते आकर्षण कोणत्या आकाराला जाऊन थांबते, हे कायदा ठरवतो. भारतात 2006 पासून चार मीटरपेक्षा आखूड आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळत आली आहे. म्हणून रांजणगावला बनणारी टाटा नेक्सॉन आणि नाशिकला बनलेली महिंद्रा एक्सयूव्ही 300 या एसयूव्ही चार मीटरच्या आत बसवल्या गेल्या. चार दारांची फोर्ड एफ-150 जवळजवळ 5.9 मीटर लांब असते. ओढ एकच, माप वेगळे. फरक नियमांचा आहे.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी हा प्रश्न आपोआप सुटणार नाही. विजेवर चालणाऱ्या रूपात परतलेली हमर चार टनांहून जड आहे. 2025 साली काँग्रेसने इंधन-निकष मोडल्याचा दंडच शून्यावर आणला, त्यामुळे उरलासुरला लगामही सैल झाला. तरीही उलट दिशेची पावले पडू लागली आहेत. राजधानी वॉशिंग्टनने 6,000 पौंडांहून जड गाड्यांचे वार्षिक नोंदणीशुल्क 500 डॉलर केले. 2024 मध्ये केंद्रीय रस्तासुरक्षा प्रशासनाने धडकेत पादचाऱ्याचे डोके वाचावे यासाठी बॉनेटच्या रचनेचा निकष प्रस्तावित केला. युरोपात पादचारी सुरक्षेचे नियम दोन दशकांपूर्वीच आले.

यांतून चार उपाय निघतात. प्रवाशांसाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारी आणि ट्रक यांना इंधनाचा एकच निकष असावा. नोंदणीशुल्क वजनाप्रमाणे चढते असावे. करातली वजावट गाडीच्या वजनावर न ठरता प्रत्यक्ष कामावर ठरावी, म्हणजे शेतकरी आणि कंत्राटदार यांचा हक्क शाबूत राहील. नव्या गाडीला मान्यता देताना बाहेरच्या माणसाच्या जिवाचाही हिशेब व्हावा. यानंतरही एखाद्याने मोठी गाडी घेतली तर ती खऱ्या अर्थाने त्याची निवड असेल, कारण तिची पूर्ण किंमत तो स्वतः मोजत असेल.