बेघरांची मोजणी : एका रात्रीत होणारे काम नव्हे



आदिलाबादची थंडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील पारा एक अंकी उतरतो. अशा रात्री उघड्यावर झोपणारी माणसे आपल्या गावात किती, असे कुणी विचारले तर खात्रीने उत्तर देणारा मनुष्य आम्हांस ठाऊक नाही. ही अडचण एकट्या आदिलाबादची नाही. मोठमोठी शहरेही या प्रश्नापुढे अडखळतात. असे का होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या देशात बेघरांची अधिकृत गणती दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत होते. सन 2011 मध्ये ती 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली गेली. पदपथ, रेल्वे फलाट, उड्डाणपुलाखालची जागा, देवळांचे ओटे अशा ठिकाणी आढळलेले लोक मोजले गेले. देशभरात संख्या भरली 17.73 लाख. सन 2001 मध्ये ती 19.43 लाख होती. एकूण आकडा घटला हे खरे, परंतु त्याच दहा वर्षांत शहरांतील बेघर 7.78 लाखांवरून 9.38 लाखांवर गेले. त्यानंतर 2021 ची जनगणना झालीच नाही.

आता ज्याला घर नाही त्याला शोधावे कुठे? हमाल बाजारात मालाच्या पोत्यांवर झोपतो, हॉटेलातला पोऱ्या भटारखान्यात. एकटी स्त्री सुरक्षिततेसाठी मुद्दाम दृष्टीआड राहते. कुणी रात्रपाळीला असतो, कुणी हाकलून देतील या भीतीने जागा बदलतो. हंगामी मजूर तर काम संपताच गाव सोडतो. एका रात्रीच्या फेरीत यांतले किती सापडणार?

मोजणी अपुरी राहिली की सोयही अपुरी राहते. मुंबईचे उदाहरण घ्या. सन 2011 मध्ये तेथे सुमारे 57 हजार बेघर नोंदले गेले. खरी संख्या याहून बरीच मोठी आहे, असे त्यांच्यात काम करणाऱ्या संस्थांचे म्हणणे आहे. सन 2013 च्या केंद्रीय योजनेने 1 लाख शहरी लोकसंख्येमागे किमान 100 जणांसाठी निवारा, म्हणजे हिंदीत ज्याला रैनबसेरा म्हणतात तो, असे माप ठरविले. मुंबईची तेव्हाची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावे. या मापाने 12,400 जणांची सोय होते. म्हणजे नोंदलेल्या पाच बेघरांपैकी जेमतेम एकाला जागा! शिवाय निवारा कामाच्या जागेपासून लांब असेल, तेथे कुटुंबाला एकत्र राहता येत नसेल, तर लोक जात नाहीत. मग रिकाम्या खाटा दाखवून गरजच नाही असे म्हणायला कार्यालये मोकळी!

उपाय नाही असे मात्र नाही. बेघराचे नाव मतदारयादीत घालायचे असेल, तर तो सांगितलेल्या जागी खरोखर झोपतो का, हे पाहण्यासाठी निवडणूक कर्मचाऱ्याने एकाहून अधिक रात्री तेथे जावे, असा नियम आहे. मतासाठी जे करता येते ते निवाऱ्यासाठी का करू नये? आमचे स्पष्ट मत आहे की ही मोजणी वेगवेगळ्या ऋतूंत, अनेक रात्री व्हावी. सोबत चहावाला, हमाल, रिक्षावाला असावा, कारण कोण कुठे झोपतो ते त्यांना माहीत असते.

सन 2027 च्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख सरकारने ठरविली आहे. प्रगणकांचे काम बहुतांशी शिक्षकच करतात, म्हणून हा विषय शाळेबाहेरचा नव्हे. पालकांना ओळखीच्या जागा ठाऊक असतील तर त्या प्रगणकांना दाखवाव्यात. विश्वस्त मंडळींनी नगरपालिकेकडे हिवाळ्यातील मोजणीचा आग्रह धरावा. आणि मुलांनो, शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार जन्मदाखला नसल्याच्या कारणावरून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. तुमच्या वयाचे कुणी उघड्यावर राहताना दिसले तर आपल्या वर्गशिक्षकांना जरूर सांगा. ज्याची नोंद झाली त्याच्यासाठी निदान भांडता तरी येते.

आपले,
प्राचार्य