वादळात बोटीवर थांबायचं की उतरायचं?

मंडळी, शिडाच्या बोटींवरच्या मागच्या लेखानंतर जी पत्रं आली, त्यांतले बहुतेक प्रश्न कॅटमरानबद्दल होते. दोन तळांची, मधे ऐसपैस डेक असलेली ही बोट गोव्यात पर्यटकांना फिरवताना आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. आपल्या मंडळातली दोन-तीन मुलं अशा बोटींवर नोकरीही करतात. त्यातल्या एकाच्या आईने विचारलं, "ही बोट बुडत नाही म्हणतात, ते खरं का?"

बरंचसं खरं आहे. पण "बुडत नाही" याचा अर्थ "धोका नाही" असा घेऊ नका. फायबरग्लासच्या बोटींच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हे ठासून सांगतो.

शब्द आपल्याच देशातला. तमिळ 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेलं लाकूड. आपल्या किनाऱ्यावर होडीला बाजूने उलांडी बांधतात, तिचं तत्त्व तेच: रुंदी वाढवली की होडी सहज कलंडत नाही. एका तळाच्या शिडाच्या बोटीला खाली शिशाचं किंवा लोखंडाचं वजन असतं. ती आडवी झाली तरी त्या वजनाने पुन्हा उभी राहते, पण आत पाणी भरलं तर तेच वजन तिला तळाशी नेतं. कॅटमरानला असं वजन नसतं. ती हलकी, शिवाय तळांत बंद कप्पे असतात, त्यामुळे फुटली तरी बहुधा तरंगते. मात्र एकदा पूर्ण उलटली की आपली आपण सरळ होत नाही. आणखी एक गोष्ट: एका तळाची बोट वारा वाढला की झुकून इशारा देते, ही फारशी झुकत नाही. म्हणून हिच्यावर शीड आकड्यांकडे बघून, वेळेआधी कमी करायचं.

उलटलेली बोटसुद्धा माणसं जगवते. १९८९ मध्ये न्यूझीलंडजवळ 'रोझ-नोएल' ही तीन तळांची बोट उलटली. चार जण त्या उलट्या बोटीत राहिले आणि ११९ दिवसांनी जिवंत किनाऱ्याला लागले.

आता वादळात बांधून ठेवलेल्या बोटीचं पाहू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरला नीट धरणारा दोर १०० ला धरेलच असं नाही. कॅटमरान उंच आणि रुंद, पाण्याखाली मात्र उथळ. त्यामुळे वारा तिला जास्त पकडतो आणि ती नांगरावर सतत डावी-उजवी फिरते. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा चक्रीवादळ कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर आलं, तेव्हा वारा ताशी २८० किलोमीटरच्या वर होता. तोर्तोला बेटावरच्या पाराकीटा खाडीत, वादळातला आसरा म्हणून, शेकडो बोटी बांधल्या होत्या. त्यांत कॅटमरान पुष्कळ. वादळानंतर त्या एकमेकींवर चढलेल्या, काही चक्क पालथ्या पडलेल्या दिसल्या. बांधणाऱ्यांना काम येत नव्हतं असं नाही. शेजारची एक बोट सुटली की ती पुढच्यांना घेऊन जाते.

आपल्या जवळचं उदाहरण जास्त दुःखाचं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायच्या तेलक्षेत्रात नांगरलेल्या 'पी-३०५' या बार्जवर २६१ माणसं होती. नांगर तुटले, बार्ज भरकटली आणि १७ मेला बुडाली. नौदलाने दीडशेहून जास्त जणांना वाचवलं, पण सत्तरच्या आसपास घरी परतले नाहीत. वादळाची सूचना आधी मिळाली होती.

तौक्ते गोव्याजवळून गेलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मला ओळखीच्या एका मुलाचा फोन आला. संचारबंदीमुळे पर्यटन बंद, कॅटमरान नदीत मूरिंगला बांधलेली. मालकाने सांगितलं होतं, रात्री कुणीतरी बोटीवर थांबा. "काका, नाही म्हटलं तर नोकरी जाईल," तो म्हणाला. मी विचारलं, "मध्यरात्री दोर तुटला तर तू एकटा काय करणार आहेस?" बराच वेळ तो गप्प होता. मग आम्ही फोनवरच कामं ठरवली आणि अंधार पडायच्या आत ती उरकून तो किनाऱ्यावर आला.

ती कामं लिहून ठेवा. सगळी शिडं काढून खाली ठेवायची, गुंडाळून वर ठेवलेली चालत नाहीत. वारा शेवट शोधतो आणि चिंधड्या होईपर्यंत ओढतो. कापडी छत, गाद्या, सैल सामान उतरवायचं. दोन्ही नाळींवरून दोर घेऊन ते पुढे एका ठिकाणी जोडायचे, म्हणजे ताण दोन्ही तळांवर सारखा पडतो. प्रत्येक दोराला जोडीदार दोर द्यायचा. दोर बहुतेक वेळा कडेवर घासून तुटतो, म्हणून घासण्याच्या जागी जुना जाड होजपाइप चढवायचा. नांगर टाकला असेल तर खोलीच्या निदान सात ते दहा पट दोर सोडायचा, आणि खोली मोजताना भरती व वादळाने चढणारं पाणी धरायचं. एवढं झालं की उतरायचं.

सकाळी ती बोट सुटून खारफुटीत अडकलेली सापडली. एका तळाला भगदाड, पण बंद कप्प्यांमुळे तरंगत होती. गादी आणि फळी आतून दाबून, पंप लावून मुलांनी ती दुपारपर्यंत उभी केली. नोकरीही राहिली. नसती राहिली तरी मी तेच सांगितलं असतं.

भर समुद्रात मात्र नियम उलटा होतो. तिथे बोट तरंगते आहे तोवर ती सोडायची नाही. ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या आणि वादळात सापडल्या. २४ बोटी खलाशांनी सोडल्या, त्यांतल्या फक्त पाच बुडाल्या. १५ स्पर्धक गेले, आणि त्यांतले काही तरंगणारी बोट सोडून तराफ्यात उतरले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमींची 'थुरिया' वादळात उलटली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. ते बोटीतच पडून राहिले आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. 'थुरिया' गोव्यात बांधलेली होती, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

बोट फुटली तर आधी भोक, मग पंप. हिशेब करून पाहा: पाण्याखाली दोन फुटांवर पाच सेंटिमीटरचं भोक मिनिटाला सुमारे २४० लिटर पाणी आत घेतं, म्हणजे १५ लिटरच्या सोळा बादल्या. एवढ्या बादल्या कुणी उपसू शकत नाही. पण मऊ लाकडाची निमुळती गुटी ठोकली की ओघ चिमटीत येतो, आणि लाकूड फुगून घट्ट बसतं. तळातून पाइप जिथे बाहेर जातो तिथे अशी गुटी दोरीने बांधून ठेवायची. मोठ्या भगदाडाला आतून गादी आणि फळी, बाहेरून दोऱ्या लावलेलं शीड.

अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. घरातलं कुणी बोटीवर कामाला असेल तर त्याआधी तीन गोष्टी विचारा: लाइफ जॅकेट त्याचं स्वतःचं आहे का, लाकडी गुट्या कुठे आहेत, आणि वादळाची सूचना आली तर बोट सोडायची परवानगी कोण देणार? तिसऱ्याचं उत्तर वादळाआधी, स्पष्ट शब्दांत मिळालं पाहिजे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही फोनमध्ये घालून द्या.

पुढच्या अंकात, ओल्या दोरावरही न सुटणाऱ्या चार गाठी. हाताशी वारभर दोरी घेऊन बसा.