स्वातंत्र्यदिनी स्वदेशी, चौथ्या दिवशी परदेशी गाठी

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

१५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून स्वदेशीची हाक दिली. शेतकऱ्यांच्या हितासाठी आपण भिंतीसारखे उभे आहोत, असेही सांगितले. चौथ्या दिवशी, १९ ऑगस्टपासून, आपल्या खात्याने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. मुदत आधी ३० सप्टेंबर होती. ऑगस्ट संपायच्या आत ती ३१ डिसेंबर झाली.

पहिल्या मुदतीत आमची बोंडे हिरवी होती. वाढीव मुदतीने हंगामच गिळला. विदर्भात दसरा-दिवाळीच्या सुमारास सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होते आणि लहान शेतकऱ्याचा बहुतेक कापूस संक्रांतीपर्यंत विकून होतो, कारण कृषी केंद्राची उधारी त्याला थांबू देत नाही. हे दिल्लीत कोणालाच ठाऊक नव्हते, यावर माझा विश्वास नाही.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. आदल्या वर्षीपेक्षा ५८९ जास्त, हे आपण सांगितलेत. माझ्या दारात आलेल्या व्यापाऱ्याने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, कापूस मुठीत दाबून पाहिला आणि भाव सांगितला ६,८००. क्विंटलमागे १,३१० रुपये गेले. दहा क्विंटलला १३,१००. त्या हंगामात बीटी बियाण्याचे ४७५ ग्रॅमचे पाकीट ९०१ रुपयांना पडले. वेचणी किलोला दहा, म्हणजे क्विंटलला हजार रुपये, तेही रोख. भारतीय कापूस महामंडळाकडे (सीसीआय) जावे, तर ८ टक्क्यांवर ओलावा गेला की कपात आणि १२ च्या वर खरेदीच नाही. परतीच्या पावसात भिजलेला पहिल्या वेच्याचा कापूस घेऊन आम्ही जायचे कुठे?

अमेरिकेने २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, कापड उद्योग अडचणीत आला, हे मान्य. त्या उद्योगातल्या कामगाराचेही पोट आहे. त्याला जरूर वाचवा, पण सरकारी तिजोरीतून. आमच्या गंजीतून कशासाठी?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी कापसावर शुल्कमाफी देणार नाही, असा लेखी आदेश काढा. हमीभावाखाली विकलेल्या कापसाचा फरक सातबाऱ्यावरच्या पेऱ्याप्रमाणे आमच्या खात्यात जमा करा. आजवरच्या निवेदनांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. या पत्राला पुढच्या पेरणीआधी उत्तर द्या.

यवतमाळ जिल्ह्यातील एक कापूस उत्पादक