भाऊचा माऊ होऊ नये म्हणून

कागदावर पेन्सिलीने गोल काढणं काही अवघड नाही. आता तोच गोल संगणकावर माउसने काढून बघा बरं! रेघ कशी लटपटते! पण घाबरू नका. ही लटपट घालवायची सोय चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्येच असते. मात्र ती वापरताना डोळे उघडे ठेवावे लागतात, बरं का!

इंकस्केप हे असंच एक सॉफ्टवेअर. २००३ साली ते सुरू झालं आणि ते फुकट मिळतं. यातली चित्रं रेषांची असतात. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, तसंच इथे असतं. रेघ कोणकोणत्या बिंदूंतून जाते आणि दोन बिंदूंच्या मध्ये कशी वळते, एवढंच संगणक लक्षात ठेवतो. या बिंदूला ‘नोड’ म्हणतात. ही वळणं मोजायची रीत कुठून आली, ठाऊक आहे? मोटारींच्या कारखान्यातून! फ्रान्समधल्या सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारींच्या गोलाईदार अंगासाठी हे गणित मांडलं.

या रीतीने छान गोल काढायला फक्त चार बिंदू पुरतात. तुमच्या लटपटत्या गोलात मात्र समजा चाळीस पडले. मग छत्तीस जास्तीचे झाले! ते कमी करायला ‘पाथ’ या यादीत ‘सिंप्लिफाय’ ही आज्ञा असते. गोल निवडायचा आणि कंट्रोल व एल ही बटणं एकदम दाबायची. बिंदू कमी होतात, रेघ गुळगुळीत होते.

पण कुठला बिंदू ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे कसं ठरवायचं? चला, कागदावर करून पाहू. दहा बिंदू जोडून डोंगरांची एक नागमोडी रेघ काढा. पहिला आणि शेवटचा बिंदू पट्टीने जोडा. या सरळ रेघेपासून सगळ्यात लांब असलेला बिंदू शोधा. तो एक सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर ठेवा आणि दोन्ही टोकांपासून त्याच्यापर्यंत नव्या सरळ रेघा काढा. मग प्रत्येक रेघेवर पुन्हा तेच करा. सगळ्यात लांबचा बिंदूही सेंटिमीटरच्या आत असेल, तर त्या रेघेवरचे मधले सगळे बिंदू खोडून टाका. बघा, थोड्याच बिंदूंत डोंगर ओळखू येतात की नाही! ही युक्ती ऊर्स रामर यांनी १९७२ मध्ये, तर डेव्हिड डग्लस आणि थॉमस पॉयकर यांनी १९७३ मध्ये मांडली. नकाशांच्या रेषांसाठी ती खूप उपयोगी पडते. इंकस्केपमधल्या वळणदार रेघांचं गणित थोडं वेगळं असतं, पण मूळ प्रश्न हाच.

आता खरी गोम ऐका. एक सेंटिमीटर ही मर्यादा कुणी ठरवली? आपणच! मर्यादा मोठी धरली तर कोकणच्या किनाऱ्याची रेघ सरळसोट होईल आणि दाभोळची खाडी नाहीशी होईल. भिंतीवरच्या भारताच्या नकाशात ते चालेल. पण होडी घेऊन खाडीत शिरणाऱ्याला असा नकाशा काय कामाचा?

अक्षरांचंही तसंच. समजा, भाऊबीजेच्या भेटकार्डासाठी तुम्ही ‘भाऊ’ असं हाताने लिहिलंत, स्कॅन केलंत आणि संगणकाकडून त्याच्या रेषा करून घेतल्यात. बिंदूच बिंदू झाले म्हणून कंट्रोल-एल भराभर चार-पाच वेळा दाबलंत. भराभर दाबलं की इंकस्केप दर वेळी जास्त जोराने बिंदू छाटतं, हं! ‘भ’च्या डोक्यावरची गाठ ती केवढीशी. ती सपाट झाली की ‘भ’चा ‘म’ झाला आणि ‘भाऊ’चा ‘माऊ’! संगणकाला गाठ आणि हाताची लटपट यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी बारीकसे चढउतारच. फरक कळतो तो मराठी वाचणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

म्हणून आधी चित्राची एक प्रत बाजूला ठेवा. आज्ञा एकदाच द्या, थांबा, चित्र मोठं करून बघा. हवं ते गेलं असेल तर कंट्रोल-झेडने परत आणा. टोकं, कोपरे आणि गाठी आधी तपासा. पालकांनो, मुलांच्या रेघा तुम्हीच गुळगुळीत करून देऊ नका. कुठला बिंदू ठेवायचा ते त्यांनाच ठरवू द्या.

आता तुमच्यासाठी काम. गाठ गेली की ‘धडा’चा ‘घडा’ होतो. एवढ्याशा फरकाने अर्थ बदलणारे आणखी पाच शब्द शोधा आणि वहीत लिहा पाहू!