माइक हातात आहे, तर गावाची भूक बोला

१४ डिसेंबर २०१९ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये जो बरो नावाचा तेवीस वर्षांचा खेळाडू हाइसमन ट्रॉफी घ्यायला उभा राहिला आणि बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये याहून मोठा मान नाही. १९३५ पासून दरवर्षी हा पुरस्कार देशातल्या एकाच खेळाडूला मिळतो. आपल्या फुटबॉलशी या खेळाचे नावापुरतेच नाते. चेंडू लंबगोल, तो हातात धरून पळायचे, आडवा येईल त्याला हाताने रेटून पुढे सरकायचे. काशाच्या त्या ट्रॉफीवरचा खेळाडूही असाच एक हात पुढे ताणून उभा आहे.

बरो त्या वर्षी लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळत होता. त्या रात्रीपर्यंत गुण मिळवून देणारे अठ्ठेचाळीस टचडाउन पास, एकही पराभव नाही, पहिल्या पसंतीची ८४१ मते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूवर या पुरस्काराच्या इतिहासातली सर्वांत मोठी आघाडी. अशा माणसाने त्या रात्री आपले कौतुक करून घेतले असते, तरी कुणी बोट ठेवले नसते. त्याने मात्र सुरुवात केली ती आपल्या पुढे उभे राहणाऱ्या लाइनमनच्या आभारांनी. हे धिप्पाड गडी चेंडूला जवळपास कधी हात लावत नाहीत. समोरून येणारी धडक ते छातीवर घेतात, म्हणून मागच्याला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळतात. टीव्हीवर त्यांची नावे क्वचितच येतात. ज्या ओहायो स्टेटमध्ये त्याला वर्षानुवर्षे बाकावर बसावे लागले आणि शेवटी सोडून जावे लागले, त्या संघातल्या सोबत्यांचे आणि प्रशिक्षकांचेही त्याने आभार मानले. कडवटपणाचा एक शब्द नाही. खिलाडूवृत्ती म्हणतात ती हीच.

पण त्या भाषणाचे मोल याच्या पुढच्या काही वाक्यांत आहे. तो आपल्या गावाकडे वळला. आपण आग्नेय ओहायोतून आलो, तिथली गरिबी देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे, असे त्याने सांगितले. अथेन्स आणि आसपासची मुले शाळा सुटल्यावर घरी जातात तेव्हा ताटात फारसे काही नसते, ती उपाशी असतात, त्या मुलांसाठी मी इथे उभा आहे आणि तीही इथवर येऊ शकतात, असे तो म्हणाला. देशभर थेट प्रक्षेपण चालू होते. सत्काराच्या मंचावर भुकेचा विषय निघत नसतो. त्याने तो काढला.

ते गाव कसे आहे, हे थोडे पाहू या. अथेन्स हे अपालाचियन डोंगररांगांच्या पायथ्याचे गाव. तिथे १८०४ साली स्थापन झालेले ओहायो विद्यापीठ आहे, विटांचे देखणे रस्ते आहेत. गावाच्या वेशीबाहेर पडले की खाणींच्या वस्त्या लागतात. हॉकिंग नदीच्या खोऱ्यातल्या कोळशावर एका काळी ओहायोतले कारखाने आणि आगगाड्या चालल्या. तो काढणाऱ्यांच्या वाट्याला काय आले? ५ नोव्हेंबर १९३० रोजी मिलफील्डच्या खाणीत स्फोट झाला आणि ८२ माणसे एका दिवसात गेली. त्या राज्यातला तो आजवरचा सर्वांत मोठा खाण-अपघात. शेजारच्या न्यू स्ट्रेट्सव्हिलला १८८४ च्या संपात कामगारांनी कोळशाचे पेटते डबे खाणीत ढकलले, ती आग जमिनीखाली अजून धुमसते आहे. कोळसा संपला, कंपन्या निघून गेल्या, माणसे मागे राहिली. रोजगार नाही आणि बाहेर पडायला गाठीला पैसा नाही. ही गरिबी आळसाची नाही. ज्यांनी आपल्या अंगावर दुसऱ्यांची श्रीमंती उभी केली, त्यांच्या नातवंडांची ही गरिबी आहे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. बरो स्वतः उपाशी राहिलेला मुलगा नव्हता. त्याचे वडील विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक, आई शाळेत मुख्याध्यापिका. घरात दोन पगार. भूक त्याने पाहिली ती शेजारच्या बाकावर, आपल्याच संघातल्या मुलांत. पाहिली आणि विसरला नाही. गरिबीतून वर आलेल्याने गरिबीची आठवण काढावी, हे आपण समजू शकतो. पण ज्याला ती सोसावी लागली नाही, त्यानेही ती आपलीच मानावी आणि आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या रात्री तिच्यासाठी आपल्या वाट्याची मिनिटे खर्च करावीत, याला मन मोठे लागते.

पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. अथेन्समध्येच वाढलेल्या एका तरुणाने भाषण ऐकून तिथल्या अन्नवाटप केंद्रासाठी समाजमाध्यमावर मदतीची हाक दिली. पाच डॉलर, दहा डॉलर, असे पैसे देशभरातून येऊ लागले आणि बघता बघता रक्कम पाच लाख डॉलरांच्या घरात गेली. त्या छोट्या केंद्राच्या वर्षभराच्या खर्चाच्या कितीतरी पट ही रक्कम होती. पुढे त्यातून एक कायमचा निधी उभा राहिला. गावाने आपल्या शाळेच्या मैदानाला बरोचे नाव दिले. काही वाक्ये बोलली गेली, आणि ज्यांना कुणी विचारत नव्हते त्या घरांत धान्याच्या पिशव्या पोचल्या. शब्दाने पोट भरत नाही, हे खरेच. पण योग्य जागी, योग्य वेळी, निर्भयपणे उच्चारलेला शब्द हजारो हातांना कामाला लावतो, एवढे या एका उदाहरणाने सिद्ध केले आहे.

अमेरिकेत अशी गावे पुष्कळ आहेत. फ्लोरिडात ओकीचोबी तलावाच्या काठी बेल ग्लेड आणि पहोकी ही दोन गावे आहेत. काळीभोर जमीन, नजर पोचेल तिथवर ऊस. १९२८ च्या वादळात हा तलाव फुटला आणि अडीच हजारांहून अधिक माणसे बुडाली. त्यांत बहुतेक शेतमजूर, बहुतेक काळे. १९६० मध्ये तिथल्या फिरत्या मजुरांचे हाल टीव्हीवर दाखवले गेले, तेव्हा सुखवस्तू अमेरिका हादरली होती. ही गावे ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतात तिच्याच समुद्रकाठी देशातल्या अतिश्रीमंतांचे वाडे आहेत. तोडणीआधी उसाचे फड पेटवतात, तेव्हा आतले ससे जिवाच्या आकांताने बाहेर धावतात आणि गावची पोरे त्यांच्या मागे सुटतात. ससा हाती लागला तर घरी कालवण, नाही तर विकून चार पैसे. इथल्या पोरांच्या पायांतला वेग या सशांनी दिला, असे तिथले लोक सांगतात. दोन्ही गावे मिळून वस्ती पंचवीस हजारांच्या आतबाहेर, पण व्यावसायिक फुटबॉलमध्ये इथून डझनावारी खेळाडू गेले. पहोकीचा अँक्वान बोल्डिन त्यांतलाच. मैदानाबाहेरच्या समाजकार्यासाठी व्यावसायिक फुटबॉलमधला सर्वोच्च सन्मान, वॉल्टर पेटन पुरस्कार, त्याला २०१५ च्या हंगामासाठी मिळाला. आपल्या भागातल्या मुलांनी शिकावे म्हणून त्याने संस्था उभी केली.

सशांची ही गोष्ट ऐकायला फार गोड लागते, आणि तिथेच आपण फसतो. खडतर गाव खेळाडू घडवते, असे म्हणत आपण टाळ्या वाजवतो. गावाने त्याला काटकपणा दिला, हे खरे. पडल्यावर पुन्हा उठायची सवय दिली, हेही खरे. पण भुकेने कुणाला घडवलेले नाही. भुकेने हाडे ठिसूळ होतात, रक्त कमी होते, वर्गात डोके चालत नाही. जो वर आला तो भुकेमुळे नव्हे, भूक असतानाही आला, आणि त्याच्या मागे कुणीतरी उभे होते म्हणून आला. एखादा शिक्षक, एखादी आजी, पहाटे मैदान झाडून ठेवणारा प्रशिक्षक. ज्यांच्या मागे कुणीच उभे नव्हते, त्यांची नावे आपल्याला कधी कळतच नाहीत. एका बोल्डिनकडे बोट दाखवून गरिबीचे गोडवे गाणे म्हणजे त्या बाकीच्या पोरांचा अपमान आहे.

महाराष्ट्राला हे परके वाटण्याचे काहीच कारण नाही. आपल्याकडेही ऊस आहे, आणि उसाच्या मागे फिरणारी मुलेही आहेत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी कोयते निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या फडांवर जातात आणि पाचटाच्या खोपीत हंगाम काढतात. धाकटी पोरे सोबत जातात, थोरली आजी-आजोबांपाशी राहतात. फडावर गेलेल्या पोराची शाळा सुटते आणि शाळेबरोबर दुपारची खिचडीही सुटते. अथेन्समधल्या ज्या मुलांविषयी बरो बोलला, त्यांचे दुखणेही हेच होते. शाळेत जेवण मिळते, घरी गेल्यावर काय?

याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शाळा सहा किलोमीटरवर, जायला वाहन नाही, म्हणून पोर पायी जाई, पळत जाई. बारावीनंतर सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनच्या बर्फात आणि राजस्थानच्या उन्हात नोकरी केली. धावपटू म्हणून त्याला हेरले ते सैन्याने. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्य त्याने मिळवले. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत आला होता. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आपण सगळ्यांनी अभिमानाने छाती फुगवली. पण भरतीच्या रांगेत तो एक इंच कमी भरला असता तर? मांडव्यापासून आष्टीपर्यंत त्याला हेरणारी दुसरी कोणती व्यवस्था आपण उभी केली होती?

असे नाही की आपल्याला हे कधी जमलेच नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघालेल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. लोकांनी वर्गणी काढली. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले आणि त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते ऋण फेडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नागपूरच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतली पोरे पावसात मोडक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली, त्यांच्या हाती फुटबॉल दिला, आणि २००१ पासून त्यातून ‘स्लम सॉकर’ची चळवळ उभी राहिली. एक प्राचार्य, एक क्रीडाशिक्षक. त्यांच्याकडे ना सत्ता होती, ना तिजोरी. आपण काहीतरी केले पाहिजे, एवढेच त्यांना वाटले, आणि त्यांनी ते केले.

मग आज आपले काय चालले आहे? पोरगी राज्य स्पर्धेत पदक आणते. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर तिचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा आणि शुभेच्छुकांचे फोटो दारांएवढे. उघडी जीप, डीजे, गुलाल, जेसीबीवरून फुलांची उधळण, शाल-श्रीफळ. रात्री आठला मंडप उतरतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मुलगी त्याच खडकाळ माळावर, झिजलेल्या बुटांनी, एक कप चहावर पळत असते. तिच्या मागे पळणाऱ्या दहा जणींना तर बूटही नसतात. एका मिरवणुकीच्या खर्चात या अकराजणींचा वर्षभराचा खुराक सुटला असता. दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ, केळी. यात महाग असे काय आहे?

म्हणून उठा. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनो, पुढच्या ग्रामसभेत सत्काराचा ठराव मांडाल तेव्हा त्याच्या खाली दुसरा ठराव लिहा, मैदानाच्या सपाटीकरणाचा आणि दोन दिव्यांच्या खांबांचा. गणेश मंडळांनो, एका वर्षाचा डीजे बंद करा आणि ती वर्गणी गावच्या तालमीला द्या, पोरांच्या दुधासाठी. शिक्षकांनो, शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर सोमवारपर्यंत कोणत्या मुलाच्या घरी चूल धड पेटणार नाही, हे तुम्हाला ठाऊक असते. ते कुणाला तरी सांगा, लाजू नका. पुण्या-मुंबईत, दुबईत, न्यू जर्सीत स्थिरावलेल्या गावकऱ्यांनो, जत्रेला येता तेव्हा देवळाच्या कळसासाठी पावती फाडता, तशीच एक पावती मैदानासाठी फाडा. आणि ऊसतोडीला गेलेल्या पालकांची जी पोरे गावात मागे राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालू आहे की नुसते कागदावर आहे, हे जाऊन डोळ्यांनी बघा.

आणि खेळाडूंनो, शेवटचे मागणे तुमच्याकडे. तुमच्या हाती माइक येतो. तालुक्याच्या बक्षीस समारंभात येतो, मंत्रालयाच्या सभागृहात येतो, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर येतो. आई-वडिलांचे, गुरुजींचे आभार माना, ते मानलेच पाहिजेत. पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या गावात मैदान नसेल तर गावाचे नाव घेऊन सांगा की मैदान नाही. तुमच्याबरोबर पळणारी मैत्रीण लग्न लावून दिल्यामुळे थांबली असेल, तर तिच्याविषयी बोला. तालमीतला कुणी खुराकाअभावी हमालीला गेला असेल, तर तेही सांगा. समोर मंत्री बसला असेल, कारखान्याचा चेअरमन बसला असेल, म्हणून घाबरू नका. पदक तुम्ही तुमच्या घामाने मिळवले आहे, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही जे बोलाल, ते ऐकायला सबंध महाराष्ट्र थांबलेला असतो. तेव्हा आपल्या मागे राहिलेल्यांसाठी बोला, आणि तुम्ही बोललात की तुमच्या मागे उभे राहणे हे आम्हा सगळ्यांचे काम आहे.