चोर सोडून संन्याशाला

शाळेच्या गायनवृंदात गावयाचे असेल, वाद्यवृंदात वाजवावयाचे असेल किंवा आंतरशालेय ज्ञानस्पर्धेत उतरावयाचे असेल, तर आपण मादक द्रव्ये घेत नाही हे प्रथम मूत्रपरीक्षेने सिद्ध करून द्या, अशी अट एखाद्या शाळेने घातली तर आपल्याकडील पालक काय म्हणतील? काही चकित होतील, काही संतापतील. आणि वयात येणाऱ्या मुलांच्या काळजीने ज्यांची झोप उडाली आहे असे काही जण, यात वाईट ते काय, असेही विचारतील. अमेरिकेत ही अट अनेक शाळांतून प्रत्यक्ष अमलात आलेली आहे आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती घटनेशी सुसंगत ठरविलेली आहे. हेतू चांगला, कायदा पाठीशी आणि संकट खरे, असे असूनही ही पद्धत मुळातच चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलांच्या व्यसनांची चिंता आपल्या घरांतही शिरलेली असल्यामुळे या मताची कारणे वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या प्रथेचा उगम ध्यानात घेण्याजोगा आहे. ओरेगन राज्यातील व्हर्नोनिया हे लाकूडतोडीच्या धंद्यावर जगणारे लहानसे गाव. १९८० नंतरच्या दशकात तेथील शाळांत मादक द्रव्यांचा वापर आणि बेशिस्त एकदम वाढली, आणि खेळाडू मुलेच त्यात पुढे आहेत असे शाळाचालकांस दिसून आले. व्याख्याने झाली, खास वर्ग झाले, वासावरून माल हुडकणारा कुत्राही आणून झाला. कशाचाच उपयोग होईना, तेव्हा १९८९ मध्ये क्रीडास्पर्धांत भाग घेणाऱ्या मुलांची मूत्रपरीक्षा सुरू करण्यात आली. हंगामाच्या आरंभी सर्वांची आणि पुढे दर आठवड्यास चिठ्ठ्या काढून दहा टक्क्यांची. सातवीतील एका मुलाच्या आईवडिलांनी संमतिपत्रावर सही करण्याचे नाकारले व त्यास फुटबॉल खेळू देण्यात आले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली. या निकालामागे निदान विशिष्ट परिस्थितीचा आधार होता. शाळेतील संकट डोळ्यांना दिसत होते, नशेत खेळणाऱ्यास इजा होण्याचा धोका होता, आणि एका खोलीत कपडे बदलण्याची सवय असलेल्या खेळाडूस या तपासणीचा संकोच कमी वाटेल, असे म्हणावयास जागा होती.

परंतु एकदा दार किलकिले झाले की ते तेवढेच राहत नाही. ओक्लाहोमा राज्यातील टेकम्सा येथील शाळामंडळाने १९९८ मध्ये हीच अट सर्व अभ्यासेतर उपक्रमांना लावली. अमलात ती आंतरशालेय स्पर्धांशी निगडित असलेल्या उपक्रमांपुरती होती. तरी त्यात क्रीडासंघांबरोबर गायनवृंद, वाद्यवृंद, ज्ञानस्पर्धेचा संघ, एवढेच नव्हे तर शेती आणि गृहव्यवस्था शिकणाऱ्या मुलामुलींची मंडळेही आली. शौचकूपाच्या बंद दाराबाहेर शिक्षकाने उभे राहावयाचे, कानोसा घ्यावयाचा, आणि बाटली हाती आली की तिची उष्णता व रंग पाहून ती मोहोरबंद करावयाची, अशी रीत ठरविण्यात आली. गायनवृंदात गाणाऱ्या आणि ज्ञानस्पर्धेत भाग घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने याविरुद्ध दाद मागितली. विशेष हे की, या शाळामंडळाने संघराज्य सरकारकडे निधीसाठी जे अहवाल धाडले होते, त्यांत मादक द्रव्यांचा प्रश्न आपल्याकडे मोठा नाही असेच नमूद होते. तरीही २७ जून २००२ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने न्यायालयाने ही तपासणी वैध ठरविली.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिला. शाळेवर मुलांच्या पालनाची जबाबदारी असते. उपक्रमांत मुले आपखुशीने येतात, तेव्हा त्यांच्या नियमांनाही ती आपखुशीने मान्यता देतात. तपासणीचा निष्कर्ष पोलिसांकडे जात नाही. आणि दोषी आढळणाऱ्यासही उपक्रमातून काही काळ दूर राहण्यापलीकडे शिक्षा नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण १९९५ मध्ये बहुमताबरोबर असलेल्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी या वेळी विरोधी मत नोंदवून त्याची हवा काढून घेतली. शेतीमंडळाची मुले जनावरे हाताळतात, गृहव्यवस्थेच्या मुली सुऱ्या वापरतात, वाद्यवृंदातली मुले जड वाद्ये वाहतात, म्हणून सुरक्षिततेसाठी तपासणी हवी, असे शाळेच्या वतीने सांगण्यात आले होते. या दाव्याची त्यांनी जी गोड थट्टा केली ती न्यायालयीन वाङ्मयात लक्षात राहण्यासारखी आहे.

आपखुशीचा मुद्दाही असाच तपासून घ्यावयास हवा. तेथील महाविद्यालये प्रवेश देताना केवळ गुण पाहत नाहीत. मुलाने शाळेत खेळ, संगीत, वादविवाद यांत काय केले हेही विचारतात. उच्च शिक्षणाची वाट ज्या अंगणातून जाते, त्या अंगणाच्या फाटकावर झडती ठेवावयाची आणि वर म्हणावयाचे की, तुम्हांस नको असेल तर अंगणात येऊ नका! ही आपखुशी नव्हे. शिवाय उपक्रम हे शिक्षणाला लावलेले ठिगळ आहे ही समजूतच चुकीची आहे. गणितात मागे पडलेल्या मुलास रंगमंचावर प्रथमच आपली योग्यता कळते, आणि वर्गात तोंड न उघडणारी मुलगी समूहगीतात मोकळा श्वास घेते. वर्गात चार वर्षे काढलेल्या कोणत्याही शिक्षकास हे सांगावे लागणार नाही.

आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. मादक द्रव्यांच्या आहारी जाणारे मूल बहुधा कोठे सापडते? सायंकाळी नाटकाच्या तालमीला थांबणारे, पहाटे वाद्याचा सराव करणारे मूल त्या वाटेस जाणारच नाही असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याची सायंकाळ रिकामी आहे, ज्याला शाळेत आपले असे कोणी नाही, ते मूल घसरण्याचा संभव अधिक, याविषयी शिक्षक आणि वैद्य यांचे फारसे दुमत नाही. म्हणजे ज्या मुलांना धोका तुलनेने कमी, तीच तपासणीच्या रांगेत उभी, आणि ज्यांची चिंता वाहावयास हवी ती रांगेबाहेर! उलट, त्यांपैकी एखादे मूल चुकून वादनाकडे किंवा खेळाकडे वळू लागले, तर ज्या ठिकाणी ते सावरले असते त्याच्या उंबरठ्यावरच ही बाटली त्याच्या हाती देण्यात येणार. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपल्याकडे आहे. तिला इतके चपखल उदाहरण क्वचितच सापडेल. टेकम्साच्या तपासण्यांत शेकडो मुलांमधून दोषी आढळली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच, यात नवल कसले?

तत्त्वाचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून फलिताचाच हिशेब मांडू. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ७६ हजार विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून २००३ मध्ये असे दाखविले की, तपासणी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतील व्यसनांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही. ओरेगनमधील खेळाडूंवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गेल्या महिन्यातील सेवनावर तपासणीचा परिणाम दिसला नाही. गेल्या वर्षातील सेवन चारपैकी दोन पाहण्यांत कमी आढळले, परंतु धोका पत्करण्याची वृत्ती मात्र तपासणी होणाऱ्या मुलांत अधिक दिसली. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगावयास हवी. अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी ३६ माध्यमिक शाळांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासणीखाली असलेल्या मुलांपैकी १६ टक्क्यांनी, तर तशी तपासणी नसलेल्या शाळांतील तशाच मुलांपैकी २२ टक्क्यांनी मागील महिन्यात सेवन केल्याचे सांगितले. उपक्रमांतील सहभागही घटला नाही. हा फरक क्षुल्लक नाही. परंतु त्याच अभ्यासात असेही आढळले की, शाळेतील इतर मुलांवर काहीच परिणाम झाला नाही आणि पुढे सेवन करण्याचा मुलांचा मानस बदलला नाही. धाकाने हात थोडा थांबला, मन होते तेथेच राहिले, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१५ मध्ये, पुरेसा पुरावा नसल्याने, अशा तपासणीचा सरसकट प्रसार करण्यास विरोध नोंदविला.

तपासणीच्या बाजूने जो सर्वांत सहृदय युक्तिवाद आहे तो न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांचा. मित्रांनी आग्रह केला तर, आमच्याकडे तपासणी होते, असे सांगून मुलास नकार देता येईल, हे निमित्त त्याला उपयोगी पडेल, असे ते म्हणतात. मुलांच्या मनातील भिडेची जाण या युक्तिवादात आहे, हे आम्ही मान्य करतो. पण ओरेगनच्या त्या प्रयोगात शेवटी जेव्हा मुलांना विचारले गेले, तेव्हा तपासणी हे नशेपासून दूर राहण्याचे कारण आहे यावरचा तपासल्या गेलेल्या मुलांचा विश्वास इतरांपेक्षा कमी होता. आणि समजा, निमित्त उपयोगी पडले, तरी ते शाळा सुटेपर्यंतच टिकणार. मोठेपणी ज्याच्या दारी कोणी बाटली घेऊन उभे राहणार नाही, त्याला नकार द्यावयाचे बळ कोठून यावे?

या व्यवहारात जे गमावले जाते त्याची नोंद कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही. घरी जे सांगता येत नाही ते मूल एखाद्या शिक्षकास सांगते. पहिल्यांदा चूक घडली, एखाद्या मित्राचे पाऊल घसरले, घरात बापाचे पिणे वाढले, हे सारे शिक्षकाच्या कानी येते, कारण तो झडती घेणारा नसतो. त्याच शिक्षकास शौचकूपाबाहेर कानोसा घेत उभे केल्यावर ते मूल त्याच्याशी कशाला बोलेल? शिवाय चुकीचा निष्कर्ष निघू नये म्हणून मुलाने आपण घेत असलेल्या औषधांची यादी शाळेस द्यावी लागते. मनाच्या आजाराचे किंवा अपस्माराचे औषध घेणाऱ्या मुलाने आपले गुपित असे उघडे करावयाचे, तेही गाणे म्हणता यावे म्हणून! टेकम्साच्या खटल्यात तर अशा याद्या इतर मुलांच्या दृष्टीस पडतील अशा ठेवल्या गेल्याची तक्रार विद्यार्थ्यांच्या वतीने करण्यात आली होती. नागरिकाची अकारण झडती घेऊ नये, हे कलम इतिहासाच्या तासाला शिकवावयाचे आणि तास संपताच मुलास बाटली देऊन रांगेत उभे करावयाचे, या दोहोंपैकी कोणता धडा त्याच्या ध्यानात राहील? वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आपल्या राज्यघटनेच्या आधारे खेळाडू विद्यार्थ्यांची अशी सरसकट तपासणी अवैध ठरविली, तेव्हा शहाणपणाचा मार्ग अमेरिकेतही बंद झालेला नाही.

आपण या अनुभवातून काय घ्यावयाचे? आपल्याकडील संकटाचे रूप वेगळे आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगावयाच्या द्रव्यांचे सेवन १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. पंक्चरचे सोल्युशन, थिनर, व्हाइटनर या वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, आणि नेहमीच्या मूत्रपरीक्षेत त्यांचा पत्ता लागत नाही. त्यातून आपल्या कायद्यात मादक द्रव्याचे सेवन हाच गुन्हा आहे. टेकम्साला निष्कर्ष पोलिसांपासून दूर ठेवण्याची जी हमी होती तीही येथे सहज मिळेल असे नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाचा हक्क मूलभूत मानलेला आहे. तो वयाची अठरा वर्षे पूर्ण होताच बहाल होणारा हक्क नव्हे.

करावयाचे काय, हे शोधण्यास फार दूर जावयास नको. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा कायदा २००३ पासून आहे. मुलास मादक द्रव्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद २०१५ च्या बालन्याय कायद्यात आहे. महाराष्ट्रात गुटख्यास २०१२ मध्ये बंदी झाली. मुलांच्या व्यसनांविषयी पाहणी, राष्ट्रीय योजना आणि अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश करावा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी दिले. या साऱ्याची झाडाझडती घ्यावयाची तर ती विकणाऱ्याची आणि अंमलबजावणीत हयगय करणाऱ्या अधिकाऱ्याची घ्यावी. ज्या मुलाविषयी सबळ कारणाने शंका येते, त्याची पालकांच्या साक्षीने, वैद्यामार्फत, उपचारासाठी विचारपूस व्हावी. शाळेत समुपदेशक असावा आणि त्याच्याकडे गेलेले मूल बदनाम होऊ नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मैदाने आणि संगीताचे वर्ग अधिक मुलांना खुले व्हावेत. व्यसनापासून मुलास वाचविणारे जे स्थान आहे, तेथे येण्यासाठी निष्कलंकतेचा दाखला मागणे म्हणजे रोग्यास निरोगी होऊन रुग्णालयात या म्हणण्यासारखे आहे. आपल्या शाळाचालकांनी आणि पालकांनी या मोहापासून दूर राहावे, एवढीच आमची आग्रहाची विनंती आहे.