सीटवरचा रुमाल



मागच्या वेळी ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांची भांडणं सोडवली. आज ‘इट’ आणि ‘देअर’ची पाळी. निमित्त झालं एका पत्राचं.

आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये दर शनिवारी मी बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग घेते. त्यातली एक जण परवा वर्ग सुटल्यावर मागे थांबली. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, वय चाळिशीचं. नवऱ्याच्या आजारपणामुळे दुकान तीन महिने बंद. मुलीच्या कॉलेजची फी दोन हप्त्यांत भरू द्यावी म्हणून तिने स्वतः इंग्रजीत अर्ज लिहिला होता. शेवटची तारीख पाच दिवसांवर आलेली.

“ताई, मुलगा वाचून हसला. पाठवू की फाडून टाकू?”

अर्जात लिहिलं होतं, ‘इज डिफिकल्ट टू पे फुल फी.’ आणि खाली, ‘वन रिक्वेस्ट इज देअर.’

मी म्हटलं, “फाडायचा नाही. तुझी चूक मराठीतून आली आहे, आणि मराठी तुझं अगदी बरोबर आहे.”

बघा ना, आपण म्हणतो ‘उजाडलं’, ‘सांजावलं’, ‘गडगडतंय’. कोण उजाडलं? कोणीच नाही. वाक्यात कर्ता दिसत नाही आणि कुणाचं काही अडत नाही. शाळेत शिकलेलं ‘भावकर्तृक क्रियापद’ ते हेच. ‘पाऊस पडतोय’ म्हणताना पाऊसच पडण्याचं काम करतो. शेजारचे गुजराती लोकही ‘वरसाद पडे छे’ म्हणतात, तिथेही पाऊसच कर्ता. इंग्रजीला मात्र कर्त्याची खुर्ची रिकामी चालत नाही. ‘कम’, ‘सिट’ असे हुकूम सोडले, तर नीट वाक्यात क्रियापदाच्या आधी कोणीतरी बसलेलं हवंच. म्हणून ‘इट इज रेनिंग’, ‘इट इज फाइव्ह ओक्लॉक’, ‘इट इज टू किलोमीटर्स टू द स्टेशन’. इथे ‘इट’ म्हणजे पाऊस नाही, घड्याळ नाही आणि रस्ताही नाही. नुसती जागा धरली आहे.

तिचा चेहरा कोराच. मग मला एसटी आठवली. गर्दीच्या बसमध्ये आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. रुमाल काही प्रवासाला निघालेला नसतो, तो फक्त जागा धरतो. खरा प्रवासी मागच्या रांगेतून सामान घेऊन येतो. ‘टू पे द फुल फी इज डिफिकल्ट’ हे वाक्य चुकीचं नाही, पण एवढं सामान घेऊन दारातच उभं राहिल्यासारखं वाटतं. इंग्रजीला लांबलचक भाग शेवटी आवडतो. म्हणून पुढे ‘इट’चा रुमाल टाकायचा आणि प्रवासी मागून आणायचा: ‘इट इज डिफिकल्ट फॉर अस टू पे द फुल फी ॲट वन्स.’ पावसाच्या वाक्यात मात्र प्रवासी कधी येतच नाही. रुमालच शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो!

‘देअर’ हा दुसरा रुमाल. ऐकणाऱ्याला एखादी गोष्ट पहिल्यांदा सांगायची, की ती ‘आहे’, तिथे तो लागतो. सूरसागर तलावात शंकराची मूर्ती आहे, हे पाहुण्यांना सांगताना आपण ‘वन स्टॅच्यू इज देअर’ म्हणून जातो. त्याऐवजी ‘देअर इज अ स्टॅच्यू ऑफ शिवा इन सूरसागर लेक’. क्रियापद मागून येणाऱ्या नामाकडे बघून ठरतं: ‘देअर इज अ टेम्पल’, पण ‘देअर आर टू टेम्पल्स’. आणि एकदा ओळख झाली की ‘देअर’ उठतो, त्याच जागी खरा ‘इट’ येऊन बसतो: ‘देअर इज अ टेम्पल इन अवर लेन. इट इज व्हेरी ओल्ड.’ हा दुसऱ्या वाक्यातला ‘इट’ रुमाल नाही. तो देऊळच आहे.

हा फरक सांगितला नाही तर काय होतं, ते तिच्या दुसऱ्या कच्च्या प्रतीत दिसलं. आता तिने जिकडे तिकडे ‘इट’ पेरले होते. ‘डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं आहे’ या वाक्यामागे लगेच ‘इट इज नॉट क्लिअर’. वाचणाऱ्याला वाटेल, सर्टिफिकेटच अस्पष्ट आहे! तिला म्हणायचं होतं, आत्ता किती भरायचे ते कळत नाही. रुमाल टाकला, पण प्रवासी आणायला विसरली. आम्ही लिहिलं, ‘इट इज नॉट क्लिअर टू मी हाऊ मच वी हॅव टू पे नाऊ.’

राहिलं ‘वन रिक्वेस्ट इज देअर’. तिने आपणहून ‘देअर इज वन रिक्वेस्ट’ केलं. व्याकरणाने बरोबर. तरी मी विचारलं, “विनंती कोण करतंय?”

“मी.”

“मग स्वतःच्या सीटवर रुमाल कशाला? तू बस ना.”

ती थोडी थांबली. मग लिहिलं, ‘आय रिक्वेस्ट यू टू अलाऊ अस टू पे इट इन टू इन्स्टॉलमेंट्स.’ या वाक्यातला ‘इट’ म्हणजे आधीच्या वाक्यात आलेली फी, खरा प्रवासी. मला त्यापेक्षाही आवडला तो पहिला ‘आय’. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून मलाही त्या दिवशी नव्याने उमगलं, की माणूस हजर असताना त्याची जागा रुमालाला देऊ नये.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. दोन हप्त्यांना परवानगी मिळाली होती. पण आधी तिने हे सांगितलंच नाही. म्हणाली, “ताई, त्यांच्या उत्तरातपण ‘इट इज पॉसिबल टू’ असं आहे. रुमालवालं!” मागून मुलाचा आवाज आला, “मम्मी, कसला रुमाल?”

“बस इथे, सांगते,” ती त्याला म्हणाली आणि फोन ठेवला.

आता तुमचा गृहपाठ. ‘आज फार उकडतंय’, ‘आमच्या घरात तीन खोल्या आहेत’ आणि ‘मला हे विसरणं कठीण आहे’ ही वाक्यं इंग्रजीत करून पाठवा. कुठे रुमाल टाकलात आणि प्रवासी कुठे आहे, तेही लिहा. उत्तरं पुढच्या अंकात बघू.